एड्स आला कुठून, आणि मग गेला कुठे?

विचारलंय ते थोडक्यात असं: एड्सचा व्हायरस अमेरिकेने लॅबमध्ये बनवला हे खरं का, नव्वदच्या दशकात जिकडे बघावं तिकडे एड्सची पोस्टरं असायची आणि माणसं दोन-चार वर्षांत जायची ते एकदम थांबलं कसं, आणि ओळखीतल्या एका तिशीतल्या माणसाची टेस्ट नुकतीच पॉझिटिव्ह आलीये तर तो आता किती वर्षं काढेल. तिन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत म्हणून सलगच सांगतो, लांबेल थोडं. मी या कामात आलो तेव्हा पेशंटला देण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नव्हतं, आणि आज ओपीडीत बसलो की निम्मा वेळ बीपी, शुगर आणि गुडघेदुखीवर जातो कारण आमचे पेशंट आता म्हातारे व्हायला लागलेत. लोकांना वाटतं कुठलं तरी एक जादूचं औषध सापडलं आणि हे बदललं. मी जे पाहिलं आणि वाचलं त्यावरून मला वाटतं की या साथीत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर काय करायला हवं ते आधी कळलेलं होतं, केलं मात्र काही वर्षांनी, आणि सगळ्यात जास्त माणसं गेली ती या मधल्या वर्षांमध्ये.

आधी लॅबचं घेऊ. नाही, बनवलेला नाही. चिंपांझींमध्ये याच घराण्यातला एक व्हायरस असतो, एसआयव्ही म्हणतात त्याला, आणि जगभर पसरलेल्या एचआयव्ही-१ (एचआयव्ही म्हणजेच एड्सचा व्हायरस) च्या सगळ्यात जवळचा एसआयव्ही सापडला तो कॅमेरूनच्या आग्नेय भागातल्या जंगलात, चिंपांझींच्या विष्ठेचे नमुने गोळा करून तपासले त्यात. शिकार केलेलं जनावर कापताना हाताला जखम असेल तर रक्ताला रक्त लागतं, तसंच काहीतरी झालं असणार असं बहुतेक संशोधक मानतात. आणि हे काही एकदाच घडलेलं नाही, पश्चिम आफ्रिकेत एचआयव्ही-२ म्हणून जरा मवाळ प्रकार आहे तो सूटी मँगाबे नावाच्या माकडांकडून आलाय, सगळे गट मोजले तर असा व्हायरस माणसात निदान डझनभर वेळा आलाय. बाकीचे फारसे पसरले नाहीत, एक गट मात्र जगभर गेला.

तोच का गेला याचं उत्तर किन्शासामध्ये आहे. तेव्हा ते लिओपोल्डव्हिल होतं, बेल्जियन काँगोची राजधानी. तिथे १९५९ साली घेतलेला एका माणसाच्या रक्ताचा नमुना जपून ठेवलेला होता, त्यात पुढे एचआयव्ही सापडला, आणि १९६० सालच्या एका बाईच्या लिम्फ नोडच्या तुकड्यातही सापडला. आता गंमत बघा, दोन्ही नमुने एकाच शहरातले आणि एका वर्षाच्या अंतराने घेतलेले, पण त्यातले व्हायरस एकमेकांपासून इतके वेगळे झालेले होते की दोघांचा मूळ पूर्वज काही दशकं आधीचा असल्याशिवाय हिशेब लागत नाही. तो हिशेब मागे मागे नेला की साधारण १९०० ते १९२० च्या आसपास येतो. त्या काळात जीन्सची जुळवाजुळव करणारी लॅब सोडा, डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती. मग रेल्वे आली, खाणी आल्या, कामासाठी शहरात भरलेले हजारो एकटे पुरुष आले, १९४० च्या दशकाच्या अखेरीला किन्शासातून रेल्वेने वर्षाला दहा लाखांवर माणसं ये-जा करत होती. वसाहतीतल्या सरकारांनी वेगवेगळ्या रोगांसाठी गावंच्या गावं इंजेक्शनं टोचली, सुया त्याच त्याच वापरून, त्याचाही हात यात असावा असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. तिथून १९६० च्या दशकात व्हायरस हैतीत आणि १९७० च्या आसपास अमेरिकेत गेला.

मग लॅबची गोष्ट आली कुठून? तर ती आपल्याच इथून छापून आली म्हणायला हरकत नाही. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पॅट्रियट' नावाच्या पेपरात एक निनावी पत्र आलं, की एड्स हा अमेरिकन लष्कराने बनवलेला व्हायरस आहे. पेपर सोव्हिएत बाजूचा होता. दोन वर्षांनी मॉस्कोतल्या एका साप्ताहिकाने त्याच पत्राचा हवाला देऊन ती बातमी उचलली आणि पुढे कितीतरी देशांमध्ये, कितीतरी भाषांमध्ये ती फिरली. ही केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेची, ठरवून केलेली मोहीम होती, १९९२ मध्ये रशियाच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी ते कबूलही केलं. पण अफवा मागे घेता येत नाही, आजही ओपीडीत चांगली शिकलेली माणसं मला ती ऐकवतात. यातलं नुकसान असं की 'हा आजार खोटा आहे किंवा कटाचा भाग आहे' असं ज्याला वाटतं तो गोळ्या घेत नाही.

आता १९८१. न्यूमोसिस्टिस नावाचा एक न्यूमोनिया असतो, धडधाकट माणसाला कधी होत नाही, कॅन्सरवाल्यांना किंवा किडनी बदललेल्यांना व्हायचा. त्यावरचं पेंटामिडीन हे औषध तेव्हा अमेरिकेत इतकं क्वचित लागायचं की ते बाजारात नव्हतंच, अटलांटातल्या सीडीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेकडे, मागवावं लागे आणि तिथे सँड्रा फोर्ड नावाच्या एक बाई ते पाठवायचं काम करायच्या. त्यांच्या लक्षात आलं की तरुण पुरुषांसाठी मागण्या येताहेत आणि मागण्यांमागचं कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाहीये. त्यांनी ते वरती कळवलं. साधारण त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या डॉक्टर मायकल गॉटलीब आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पाच तरुणांची माहिती पाठवली आणि ५ जून १९८१ ला सीडीसीच्या साप्ताहिकात ती आली. पाचातले दोघे छापून येईपर्यंत गेलेले होते. जगाला एड्सची पहिली बातमी ही. पुढच्या महिन्यात कापोसी सार्कोमा या कातडीच्या कॅन्सरच्या २६ केसेस आल्या.

पाचही जण समलिंगी होते आणि इथेच पहिला घोळ झाला. रोगाला ग्रिड म्हणजे समलिंगींचा आजार असलं नाव काही काळ चाललं. वर्ष-दीड वर्षात हिमोफिलियाचे पेशंट सापडले, सुईने ड्रग्ज घेणारे सापडले, हैतीचे लोक सापडले, बायका सापडल्या, रक्त चढवलेलं एक तान्हं बाळ सापडलं, म्हणजे रक्तातून आणि संबंधांतून पसरणारं काहीतरी आहे हे १९८२ संपायच्या आत उघड होतं. नावही सप्टेंबर १९८२ मध्ये एड्स असं झालं. पण डोक्यात बसलं ते बसलं, 'त्यांचा' रोग, आपला नाही. प्रत्येक देशाने आपापले 'ते' शोधले. कुठे समलिंगी, कुठे परदेशी, कुठे ट्रक ड्रायव्हर, आणि वेश्यावस्तीतल्या बायका तर सगळीकडेच.

रक्ताचं जरा थांबून सांगतो कारण ते मला सगळ्यात जास्त लागतं. हिमोफिलियात रक्त गोठायला लागणारा एक घटक कमी असतो, तो फॅक्टर एट हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवायचे, म्हणजे हजारात एक दाता इन्फेक्टेड असला तरी अख्खी बॅच गेली. जानेवारी १९८३ मध्ये अटलांटात सीडीसी आणि रक्तपेढीवाल्यांची बैठक झाली. एचआयव्हीची टेस्ट तर नव्हतीच, व्हायरसच सापडला नव्हता, पण ज्यांना एड्स झालाय त्यातल्या बहुतेकांना आधी हेपटायटिस बी होऊन गेलेला असतो हे माहीत होतं आणि त्याची टेस्ट होती, तेव्हा निदान ती तरी करा असं सीडीसीच्या लोकांचं म्हणणं होतं. खर्च होईल, चांगले दाते तुटतील, पुरावा अजून पुरेसा नाही अशी कारणं निघाली आणि बैठक काही न ठरवता उठली. अमेरिकेतल्या हिमोफिलियाच्या साधारण निम्म्या पेशंटना एचआयव्ही झाला. फ्रान्समध्ये याच प्रकरणात पुढे अधिकारी तुरुंगात गेले. पुरावा पुरेसा नाही हे वाक्य शास्त्रात बरोबर असतं, रक्ताची बाटली हातात असताना ते तितकं बरोबर राहत नाही.

व्हायरस १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला, फ्रांस्वाज बारे-सिनूसी आणि लुक मोन्तान्ये यांच्या टीमला, एका पेशंटच्या मानेतल्या गाठीच्या तुकड्यात. वर्षभराने अमेरिकेत रॉबर्ट गॅलोंनी हाच रोगाचं कारण आहे हे पक्कं केलं, मग शोध कुणाचा यावरून दोन देश बरीच वर्षं भांडले, ते भांडण मी गाळतो. नोबेल २००८ मध्ये त्या दोघा फ्रेंचांना मिळालं. एप्रिल १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी लस दोनेक वर्षांत चाचणीला तयार होईल असं जाहीर करून टाकलं. लस अजून नाहीये. २००९ मध्ये थायलंडच्या चाचणीत ३१ टक्के परिणाम दिसला तोच आजवरचा बरा म्हणावा असा आकडा. पण मार्च १९८५ मध्ये टेस्ट आली आणि ती मात्र खरी क्रांती होती, कारण तोपर्यंत लोक एड्स मोजत होते आणि टेस्ट आल्यावर कळलं की एड्स हा शेवटचा अंक आहे, त्याच्या आधी आठ-दहा वर्षं माणूस ठणठणीत दिसतो आणि इन्फेक्शन पुढे देत राहतो. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी सेक्स वर्कर बायकांचे नमुने तपासले आणि पहिल्या सहा पॉझिटिव्ह केसेस सापडल्या, तोवर आपल्याकडे हे येणारच नाही असं म्हणणाऱ्यांची कमी नव्हती.

मग भीतीची वर्षं. हातात हात दिल्याने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने होत नाही हे १९८५ पर्यंत नीट माहीत होतं. तरी अमेरिकेत रायन व्हाइट या हिमोफिलियाच्या मुलाला शाळेने येऊ दिलं नाही आणि त्याला कोर्टात भांडावं लागलं. क्यूबाने पॉझिटिव्ह लोकांना सरळ सॅनिटोरियममध्ये ठेवलं. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा नावाच्या नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाला पोलिसांनी उचललं आणि एका जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं, कायद्यातच तशी सोय होती. लंडनमध्ये १९८७ ला प्रिन्सेस डायनाने ग्लोव्हज न घालता एका पेशंटशी हात मिळवला त्याचा फोटो जगभर गेला, लोक म्हणतात त्या एका फोटोने पत्रकांपेक्षा जास्त काम केलं, असेलही. मी स्वतः पाहिलेलं सांगायचं तर वॉर्डात जेवणाचं ताट दाराशी ठेवून जाणारे, आणि ड्रेसिंग करताना तीन-तीन ग्लोव्हज चढवणारे लोक हॉस्पिटलचेच होते. नातेवाईक नंतर घाबरायचे, आधी आमच्याकडे बघून.

याच काळात एक गोष्ट चांगली झाली, पेशंट स्वतः उभे राहिले. १९८३ मध्ये डेन्व्हरला काही पेशंटनी जाहीर केलं की आम्हाला बळी म्हणू नका आणि आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला विचारून घ्या. १९८७ ला न्यूयॉर्कमध्ये ॲक्ट अप ही आंदोलकांची संघटना सुरू झाली, औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या दारात १९८८ मध्ये त्यांनी धरणं धरलं. ही मंडळी वैतागून नुसत्या घोषणा देत नव्हती, व्हायरॉलॉजी आणि चाचण्यांची आखणी याचा अभ्यास करून शास्त्रज्ञांसमोर बसायची. आज कुठल्याही आजाराच्या चाचणीत पेशंटचे प्रतिनिधी असतात ती वाट बरीचशी यांनी पाडलेली आहे.

पहिलं औषध एझेडटी, मार्च १९८७. हे १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवून चाललं नाही म्हणून पडून होतं. चाचणीत २८२ पेशंट होते, डमी गोळीवाल्या गटात १९ दगावले आणि औषधवाल्या गटात १, तेव्हा ती मध्येच थांबवून सगळ्यांना औषध दिलं. वर्षाचा खर्च आठ-दहा हजार डॉलर, डोस दर चार तासांनी, रात्री अलार्म लावून उठायचं, आणि रक्त इतकं उतरायचं की रक्त चढवावं लागे. काही महिने बरं वाटायचं आणि मग परत उतरण. एकट्या एझेडटीने लवकर सुरुवात केली म्हणून माणूस जास्त जगत नाही हे १९९३ च्या काँकॉर्ड चाचणीत दिसलं तेव्हा सगळीकडे अगदी सुतकी वातावरण होतं.

का हरायचं ते औषध, हे समजलं की पुढचं सगळं समजतं. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या अंगात रोज साधारण १,००० कोटी नवे व्हायरस तयार होतात. व्हायरसचा आराखडा जेमतेम दहा हजार अक्षरांचा, आणि त्याची नक्कल करणारं एन्झाइम अतिशय गबाळं, सारखं चुकतं. म्हणजे एका अक्षराची जी जी चूक होऊ शकते ती प्रत्येक चूक रोज कुठे ना कुठे होतेच, आणि त्यातली एखादी अशी निघते की औषध तिथे चिकटतच नाही. लॅमिव्हुडीन नावाच्या औषधाला तर एका ठरावीक जागेवरचा एकच बदल पुरतो, एकटं दिलं तर काही आठवड्यांत निकामी. पण वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालणारी तीन औषधं एकदम दिली तर एकाच व्हायरसमध्ये तिन्हींना चुकवणारे बदल एकाच वेळी व्हावे लागतात, आणि नक्कलच बंद पडल्यावर नवीन चुकाही होत नाहीत. म्हणून गोळ्या चुकवू नका असं आम्ही डोकं खातो ते उगाच नाही, मधूनमधून घेणं म्हणजे व्हायरसला शिकवणी लावल्यासारखं होतं.

१९९५ च्या डिसेंबरात सॅक्विनाव्हिर हे नव्या प्रकारचं औषध आलं, १९९६ मध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर, आणि त्या वर्षी जुलैत व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांचे रिझल्ट मांडले गेले. अमेरिकेत १९९७ मध्ये एड्सचे मृत्यू आदल्या वर्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी झाले. मरणाची तयारी केलेली माणसं उठून कामावर गेली, कुणी इन्शुरन्स विकून पैसे उडवले होते ते आता बिलं भरायची कशी या चिंतेत. औषधं घेणं मात्र सोपं नव्हतं, इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, उपाशीपोटी, आणि मुतखडा होऊ नये म्हणून दिवसभर लिटरवारी पाणी.

म्हणजे १९९६ मध्ये उत्तर मिळालं. आणि जगात एड्सने सगळ्यात जास्त माणसं मेली ते वर्ष कुठलं? २००४, सुमारे २० लाख. उपाय सापडल्यावर आठ वर्षांनी. हे मला नव्या डॉक्टरांना मुद्दाम सांगावं लागतं कारण पुस्तकात १९९६ पाशी गोष्ट संपल्यासारखी वाटते.

कारण होतं किंमत. तीन औषधांचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर आणि पेशंट बहुतेक आफ्रिकेत. त्या काळात आम्ही काय करायचो, तर सीडी फोर, म्हणजे व्हायरस ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्यांचा रक्तातला आकडा, २०० च्या खाली गेला की कोट्रायमोक्झाझोल द्यायचो, स्वस्त आणि जुनी गोळी, तिने न्यूमोनिया टळायचा, टीबी सापडला की टीबीचे उपचार, आणि औषधं आहेत पण तुम्हाला परवडणार नाहीत हे सांगायचं काम. काही घरांनी जमीन विकून चार-सहा महिन्यांची औषधं घेतली आणि पैसे संपल्यावर बंद केली, म्हणजे पैसाही गेला आणि व्हायरस रेझिस्टंट झाला.

ही कोंडी फुटली त्यात भारताचा वाटा मोठा आहे आणि आपल्याला तो फारसा ठाऊक नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवणं कायदेशीर होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरला देऊ असं जाहीर केलं, दिवसाला एक डॉलरच्याही आत. शिवाय तिन्ही औषधं एका गोळीत, सकाळी एक, रात्री एक. अशी गोळी युरोप-अमेरिकेत निघूच शकत नव्हती कारण तिन्ही औषधांची पेटंटं तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला कोर्टात खेचणाऱ्या ३९ औषध कंपन्यांनी जगभर छी-थू झाल्यावर केस मागे घेतली.

आणि तेव्हा काय ऐकावं लागलं बघा, अमेरिकेच्या सरकारी मदतसंस्थेच्या प्रमुखाने २००१ मध्ये म्हटलं की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, ते गोळ्या वेळेवर कशा घेणार. पुढे अभ्यास झाले तेव्हा आफ्रिकेतले पेशंट उत्तर अमेरिकेतल्यांपेक्षा जास्त नियमित निघाले. दुसरीकडे खुद्द दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत बसले आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू सांगत होत्या. आईकडून बाळाला होणारं इन्फेक्शन रोखण्यासाठी बाळंतपणात नेव्हिरापीन या औषधाचा एक डोस आईला आणि एक बाळाला इतकं साधं काम होतं, ते सरकारने करावं म्हणून लोकांना घटना न्यायालयात जावं लागलं, २००२ मध्ये निकाल लागला. हार्वर्डच्या एका अभ्यासाने या हट्टापायी ३ लाख ३० हजारांवर जीव गेले असा अंदाज काढलाय. पैशाची अडचण समजू शकतो मी, ही नाही समजू शकत.

२००२ मध्ये गरीब देशांना उपचारांसाठी पैसा देणारा ग्लोबल फंड आला, २००३ मध्ये पेपफार ही अमेरिकेची तशीच मदत योजना, आणि भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर औषधं फुकट मिळायला लागली. सुरुवातीच्या गोळ्यांत स्टॅव्हुडीन असायचं. जीव वाचायचा पण वर्ष-दोन वर्षांनी गालांची चरबी उतरायची, गाल आत, कानशिलं खोल, हातापायाच्या शिरा वर, पायात मुंग्या. वजन वाढलेलं, सीडी फोर चांगला, आणि पेशंट म्हणायचा डॉक्टर गोळी बदला, लोक चेहरा बघून ओळखतात. ते औषध कधीच मागे पडलं. गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली मात्र अजून त्रास देते, पर्समध्ये खुळखुळते, बायका त्यात कापूस कोंबतात, लेबल खरवडतात, व्हिटॅमिनच्या डबीत ओतून नेतात. सासूबाईंना आवाज गेला की प्रश्न सुरू.

पुढचं पटकन सांगतो. उपचार कधी सुरू करायचे याची रेषा वर वर सरकत गेली, सीडी फोर २००, मग ३५०, मग ५००, आणि २०१५ पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच. २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की जोडप्यातल्या पॉझिटिव्ह माणसाने लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला इन्फेक्शन व्हायचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, आणि नंतरच्या अभ्यासांनी तर दाखवलं की ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, टेस्टमध्ये दिसेनासा झालाय तो माणूस संबंधांतून कुणालाच एचआयव्ही देत नाही. शून्य. निगेटिव्ह माणसाने आधीच घ्यायची प्रेपची गोळी २०१२ पासून आहे, आणि २०२४ मध्ये लेनाकॅपाव्हिरचं सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,००० हून जास्त मुलींना दिलं त्यात एकीलाही इन्फेक्शन झालं नाही. पूर्ण बरे झालेलेही थोडे आहेत पण ते ब्लड कॅन्सरसाठी बोनमॅरो बदलावी लागली म्हणून, तेवढ्यासाठी तो उपचार कुणी करत नाही, तो स्वतःच जीवघेणा आहे.

तर गेला कुठे, कुठेच नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोक एचआयव्हीसोबत जगत होते, त्यातले ३ कोटींवर उपचारांवर, त्या वर्षात १३ लाख नवी इन्फेक्शनं आणि ६ लाख ३० हजार मृत्यू. पोस्टरं गेली कारण पैसा आणि लक्ष दुसरीकडे गेलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी क्लिनिकांची दारं एका आठवड्यात बंद झाली, औषधं कपाटात असून वाटायला माणूस नाही अशी अवस्था.

आता तुमच्या ओळखीच्या माणसाबद्दल. सीडी फोर फार खाली गेलेला नसेल, गोळ्या रोज घेत असेल, सिगारेट ओढत नसेल तर त्याचं आयुष्य इतरांच्या जवळपासच राहील, तिशीत आहे म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं धरून चाला. आता बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिर असलेली, तीन औषधं मिळून एकच गोळी असते, दिवसातून एकदा, जेवणाचं फार बंधन नाही, फक्त कॅल्शियम-लोहाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांबरोबर एकदम घेऊ नये, शोषली जात नाही. आठवड्या-दोन आठवड्यांचा खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यातलं काही असेल तर आधी टीबी तपासून घ्या, आणि डोकं सतत दुखत असेल तर तेही लपवू नका, मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन असेल तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या या गोळ्या, काही आठवडे थांबून सुरू कराव्या लागतात. हेपटायटिस बी ची टेस्ट करून घ्या कारण या गोळीतलं टेनोफोव्हिर त्यावरही चालतं आणि मग ती अचानक बंद करणं यकृताला महागात पडतं. बायको किंवा जोडीदार असेल तर त्यांची टेस्ट, मुलं असतील आणि आई पॉझिटिव्ह निघाली तर त्यांचीही. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, तोवर कंडोम. मूल हवं असेल तर होऊ शकतं, निगेटिव्ह होऊ शकतं, त्याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा म्हणावं. आणि कुणाला सांगायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या, तुम्हाला सांगितलंय ते तुमच्यापाशीच राहू द्या. कुणी काढा किंवा भस्म देऊन निगेटिव्ह करतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नये, गेलाच तरी गोळ्या थांबवू नयेत. टेस्ट होऊन किती दिवस झालेत ते तुम्ही लिहिलेलं नाहीये, पण गोळ्या अजून सुरू केल्या नसतील तर डॉक्टरांकडे जायला सोमवारपर्यंतही थांबू नका.